खंड्याच्या भिंतीचा गवंडी

कडुबामामांच्या सदऱ्याच्या खिशात ओळंबा असतो. दोरीला बांधलेला, खाली टोक असलेला पितळी लंबक. भिंत सरळ आहे की नाही ते सांगणारा. चाळीस वर्षं गवंडीकाम करून अर्ध्या शहराच्या भिंती त्यांनी उभ्या केल्या. मुकुंदवाडी स्टेशनामागच्या त्यांच्या दोन खोल्यांना मात्र बाहेरून अजून गिलावा नाही. विचारलं तर म्हणतात, "आतून हाय की. बाहेरून म्या कुठं बघत बसू?"

त्यांची माझी ओळख झाली ती एका संस्थेमुळे. नाव सांगत नाही, नाव छापून आणायची हौस तिची तिलाच भरपूर आहे. नाले, झाडं, पक्षी, भटकी कुत्री या सगळ्यांना वाचवायचा विडा तिनं उचलला होता आणि मी तिची पत्रकं लिहायचो. अध्यक्षा मृण्मयीताई. ताईंचं निसर्गावर प्रेम होतं, खोटं कशाला बोलू? फक्त निसर्ग जरा अस्ताव्यस्त असतो, तेवढं त्यांना खपत नसे.

एका वर्षी संस्थेनं नाल्याचा दोनशे फूट काठ दत्तक घेतला. दत्तक लेकराचं करतात तसं आधी नाव बदललं: नीलधारा. मग काठावरच्या बाभळी तोडल्या, गवत खरवडलं, आणि मातीच्या उघड्या दरडीला दगडी भिंत घालून तिच्यावर निसर्गचित्रं काढायची असं ठरलं. सगळं पाच जूनच्या आत, कारण पाहुणे त्या एकाच दिवशी निसर्गप्रेमी असतात.

भिंतीचं काम कडुबामामांकडे आलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी हात थांबवला. दरडीत मुठीएवढं बीळ होतं आणि त्याच्याखाली विष्ठेचा पांढरा ओघळ.

"ताई, खंड्याचं घर हाय हे. आत चार पिल्लं हायेत, बॅटरी मारून मोजली म्या. म्हैनाभर थांबा. उडून गेली की बांधू."

"अय्या, किती गोड!" ताई म्हणाल्या. "मग इथे खंड्याचंच चित्र काढू या. मोठ्ठं. काम मात्र थांबवू नका हं."

मी शेजारीच उभा होतो. मी वहीत लिहून घेतलं: 'स्थानिक ज्ञानाचा आदर.'

मामा वाद घालत बसले नाहीत. मागचं पाणी निघून जावं म्हणून दगडी भिंतीत जागोजाग भोकं ठेवावीच लागतात, नाहीतर पावसाळ्यात भिंत फुगते. संस्थेच्या इंजिनियरलाही ते मान्य होतं. मामांनी नेमक्या त्या बिळासमोर एक भोक ठेवलं, इतरांपेक्षा चांगलं रुंद. तेवढा भाग बांधायला त्यांना चार दिवस लागले. एक दगड बसवायचा, लांब जाऊन बसायचं, पक्षी सरडा नाहीतर बेडूक घेऊन आत जाऊन आला की दुसरा दगड. इंजिनियर कामचुकार म्हणाला. "म्हातारा झालो सायेब," म्हणत मामा तंबाखू मळत राहिले. खरं कारण त्यांनी मला एकट्याला सांगितलं. मी शहाणा माणूस आहे असं त्यांना का वाटलं, देव जाणे.

मग पुण्याहून बोलावलेली चित्रकार आली. निळ्या पाठीचा, तांबड्या चोचीचा आठ फुटी खंड्या तिनं झकास काढला. आता नेमकं तिथंच काढायचं म्हटल्यावर भोक त्याच्या पांढऱ्या छातीत येणारच. चार जूनच्या संध्याकाळी ताई म्हणाल्या, "हे फोटोत फार वाईट दिसतंय." चित्रकार बाईंनी चिंधी कोंबली, वरून पुट्टी मारली, पांढरा हात फिरवला. मामांचं काम संपलं होतं, ते घरी होते. मी होतो. ताईंच्या भाषणातल्या 'मुक्या जीवांची हाक' या परिच्छेदावर माझं काम चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मांडव, हिरवे टी-शर्ट, ड्रोन, सगळा थाट. सत्कारासाठी मामांना बोलावून मागच्या खुर्चीत बसवलं होतं. ताईंचं भाषण रंगात आलं आणि चोचीत बेडूक धरून खरा खंड्या आला. भिंतीवर आपटला. फिरून आला, पुन्हा आपटला.

"बघा, बघा!" ताई माइकवरून ओरडल्या. "आपलं चित्र बघून भुललाय बिचारा!" टाळ्या पडल्या, मोबाईल वर गेले.

मामा उठले. माझ्यापाशी आले. "सर, भोक कुठंय?"

मी हातातले भाषणाचे कागद चाळायला लागलो.

ते सरळ भिंतीपाशी गेले. हातोडा-छिन्नी जवळ नव्हती; सत्काराला कोण घेऊन येतं? खिशातला ओळंबा काढला आणि त्याच्या टोकानं खंड्याच्या छातीवर घाव घालायला लागले. "अहो, चित्र! चित्र!" करत दोन टी-शर्ट धावले. मामांनी कोपरानं दोघांना मागं ढकललं, पुट्टीचा खपला पाडला, बोटं घालून चिंधी ओढून काढली आणि आडोशाला सरकले. थोड्या वेळानं पक्षी आत गेला. तेव्हा कुणी टाळी वाजवली नाही. ताईंनी माइकवर पाहुण्यांची माफी मागितली आणि मामांची शाल इंजिनियरच्या खांद्यावर पडली.

वर्षाच्या शेवटी संस्थेचं पुस्तिकावजा पत्रक निघालं. मुखपृष्ठावर त्या भोकातून बाहेर पडणारा खंड्या. खाली ओळ होती: 'पक्ष्यांच्या घरट्यांचा विचार करून संस्थेने भिंतीत खास जागा ठेवली.' ती ओळ माझीच, आणि तिचं कौतुकही झालं. लाज वाटायला मला आणखी आठ दिवस लागले. मग एक प्रत घेऊन मामांच्या घरी गेलो. त्यांनी ती माझ्याकडूनच वाचून घेतली, शेवटच्या पानापर्यंत.

"पिल्लं किती उडाली, ते लिवलंय का?"

"नाही, मामा."

"तीन." त्यांनी पत्रक नीट मिटून माझ्या हातात दिलं. "तीनच उडाली, सर. येक आतच राह्यलं."