घसरगुंडीवरचं ऊन

इराचे बूट मी रोज संध्याकाळी बाल्कनीत उलटे करते आणि रोज मूठभर वाळू निघते. आजच्या वाळूत काल-परवाचीही थोडी असतेच, कारण मी कधी नीट झटकत नाही. आमच्या पार्कातल्या मंडळींचे किस्से अगदी असेच साठलेत. एकात दुसरा मिसळलेला. फोनवर मैत्रिणीला एक सांगायला घेतला की चार सांडतात!

गाव आमचं चँडलर, ॲरिझोना. फिनिक्सच्या शेजारी, वाळवंटात. नवऱ्याची, म्हणजे निखिलची, नोकरी बदलली म्हणून श्रूजबरी सोडून आम्ही ऐन जूनमध्ये इथे येऊन पडलो. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये बर्फामुळे पोर घरात कोंडलेली असायची. इकडे उन्हामुळे! रस्ते पांढरेफटक, खिडक्यांचे पडदे ओढलेले, सगळं गाव भर उजेडात झोपल्यासारखं. चार वर्षांची इरा बाल्कनीच्या काचेला नाक लावून बसायची. एक दिवस म्हणाली, "आई, व्हेअर आर द किड्स?"

मुलं शोधायची तर आधी पार्क शोधायला हवं होतं.

*

फोनवरच्या नकाशात मी हिरवा रंग शोधायला लागले. सगळा नकाशा मातकट, आणि मध्येच एक हिरवागार चौकोन. नाव होतं कसलंसं 'मेमोरियल पार्क'. ऊन कललं तसे चटई, चेंडू, चिवडा घेऊन आम्ही पोचलो. काय सांगू! गालिच्यासारखं गवत, मोठमोठी झाडं, कारंजं, आणि चिटपाखरू नाही. इरा अनवाणी पळत सुटली. मी चटई अंथरली.

"इथल्या लोकांना कदर नाही बघ," निखिल चटईवर आडवा होत म्हणाला.

एवढ्यात काळ्या सुटातले एक गृहस्थ हळू पावलांनी आमच्याकडे आले आणि अतिशय मृदू आवाजात त्यांनी विचारलं, "आपण कुणाला भेटायला आलात?"

"स्विंग्ज!" इरा म्हणाली.

तेव्हा कुठे मला गवतात सपाट बसवलेल्या पाट्या दिसल्या. नावं, जन्म-मृत्यूच्या तारखा, फुलं. एक पाटी आमच्या चटईखालीच होती.

आम्ही सॉरी म्हणत चटई गुंडाळली. इथे लोक झोपलेत, आवाज करू नकोस, असं निखिलने इराला सांगितलं. गाडी रस्त्याला लागली. मग मागच्या सीटवरून आवाज आला, "इट वॉज अ नाइस पार्क. पण आय थिंक सगळे खेळून दमले होते."

*

प्राची भेटली ती भर दुपारी. एका खऱ्याखुऱ्या पार्कात. तिथे झोपाळे होते, घसरगुंडी होती, सावली तेवढी नव्हती. अशा वेळी पार्कात येणारी वेडी मी एकटीच असेन असं मला वाटलं होतं. पण बाकाजवळ पंजाबी ड्रेसमधली एक बाई पाच वर्षांच्या मुलाला टोपी घालत होती.

"खूप ऊन आहे हो," मी म्हटलं.

"मी नागपूरची आहे नं!" ती म्हणाली. "मला काय उन्हाचं सांगून राहिली तू?" आणि ऐटीत झोपाळ्यावर बसली.

बसली त्याच्या दुप्पट वेगाने उठली!

मी पाण्याची बाटली पुढे केली. तिने घोट घेतला, ड्रेस मागून चाचपला आणि झोपाळ्याकडे रोखून बघत म्हणाली, "आमचं ऊन डोक्यावर येते नं. हे खालून येऊन राहिलं!"

आम्ही दोघी तिथेच, त्या रिकाम्या पार्कात, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलो. तिचा अर्णव आणि माझी इरा एकमेकांकडे बघत उभे होते. मग अर्णवने इराला आपली पाण्याची बंदूक दिली. त्या उन्हाळ्यात आम्हाला मिळालेली पहिली सावली म्हणजे ही प्राची.

*

मग निखिलने प्रकरण हातात घेतलं. इंजिनिअर माणूस! त्याने तापमान मोजायची बंदूक मागवली, दुरून रोखली की आकडा दाखवणारी. प्रत्येक पार्कात गेलं की साहेब आधी एकटे उतरणार, घसरगुंडीवर रोखणार, झोपाळ्यावर रोखणार, जमिनीवर अंथरलेल्या रबरावर रोखणार, मग मान हलवून परत गाडीत. इरा आणि अर्णव काचेतून बघताहेत. "नेक्स्ट!" असं म्हणून आम्ही पुढच्या पार्कात. एका संध्याकाळी सगळी पार्कं अशीच नापास झाली आणि मुलांनी भोकाड पसरलं.

"अरे, तुमच्यासाठीच करतोय ना मी हे!" निखिल ओरडला.

इराने रडणं थांबवलं. पुढच्या सीटवरची बंदूक उचलली, बाबाच्या कपाळावर रोखली, आकडा बघितला आणि गंभीरपणे म्हणाली, "नेक्स्ट!"

*

सासूबाई साताऱ्याहून आल्या त्या जुलैमध्ये. सकाळी पार्कात निघताना त्यांनी दोन्ही मुलांच्या खिशात एकेक कांदा घातला. ऊन लागू नये म्हणून. मी नको नको म्हणत होते, पण प्राचीने मला गप्प केलं. "राहू दे गं, आमच्याकडे बी घालते!"

पार्कात कापडी छताखाली मुलं खेळत होती. अर्णवचा कांदा घरंगळत एका अमेरिकन आजीच्या पायाशी गेला. उंच, पांढरेशुभ्र केस, तीन नातवंडं बरोबर. तिने कांदा उचलला, उलटसुलट बघितला आणि कशासाठी म्हणून विचारलं. मी लाजत लाजत सांगितलं. ती म्हणाली, "आणि उपयोग होतो?"

मी भाषांतर करून सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तिला म्हणावं, मी सत्तरीची आहे. अजून उभी आहे."

अमेरिकन आजीने सासूबाईंकडे पायांपासून डोक्यापर्यंत नीट बघितलं. दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

पुढच्या शनिवारी तिची तीनही सोनेरी केसांची नातवंडं पार्कात आली. सहाही खिसे फुगलेले!

*

देवधर काका आम्हाला पहाटेच्या पार्कात भेटले. उजाडायच्या सुमाराला मुलांना नाइट सूटमध्येच उचलून न्यायचं, हा शोध आम्हाला उशिरा लागला. त्या वेळी डोंगर गुलाबी असतात. गवतावर पाण्याचे फवारे चालू असतात. मेस्किटच्या काटेरी झाडांखालून तुरेवाले छोटे पक्षी रांगेने चालत जातात. मुलं अर्धवट झोपेत झोपाळ्यावर बसतात आणि कोणीच मोठ्याने बोलत नाही.

काका निवृत्त डॉक्टर, मूळचे मिरजेचे, इथे सगळं आयुष्य गेलेलं. सुमनकाकूंचा हात धरून ते रोज तिथे येत. काकूंना अलीकडे काही आठवत नसे. पहिल्या दिवशी त्यांनी इराला जवळ बोलावलं. "नाव काय गं तुझं?"

"इरा."

"छान नाव आहे हो! कोणी ठेवलं?"

पाच मिनिटांनी पुन्हा, "नाव काय गं तुझं?" पुन्हा इरा, पुन्हा छान नाव. चौथ्या-पाचव्या वेळी इरा कंटाळली. म्हणाली, "मँगो."

"छान नाव आहे हो! कोणी ठेवलं?"

मग ती रेनबो झाली, पॉपकॉर्न झाली, मंडे झाली. काकूंना प्रत्येक नाव मनापासून आवडलं. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी काकांची माफी मागायला गेले.

"असू दे गं," काका म्हणाले. "तिच्याशी खेळायला रोज इतक्या मुली येतात! मजा आहे तिची."

*

ऑगस्टमध्ये एका संध्याकाळी धुळीचं वादळ आलं. लांबून एक तपकिरी भिंत सरकत येताना दिसली आणि बघता बघता डोंगर गेले, घरं गेली, झाडं गेली. निखिलने दोन्ही मुलांना काखेत मारलं आणि पार्किंगकडे धावला. प्राची आणि मी एकमेकींचे दुपट्टे धरून बाथरूमच्या भिंतीआड थांबलो. पुढचं निखिलच्या तोंडून ऐकलेलं.

तो व्हॅनचं सरकतं दार उघडून मुलांसकट आत घुसला. बाहेर जग पुसून टाकलेलं. आत मंद पिवळा उजेड, काचेवर वाळूची सरसर. मुलं चिकटून बसलेली. मुलं घाबरू नयेत म्हणून निखिल अंगाई म्हणायला लागला. सूर यथातथाच, पण मुलं शांत झाली. त्याचाही डोळा लागत आला.

अंगाई संपली तशी पुढच्या सीटवरून एक बाई इंग्रजीत म्हणाली, "खूपच गोड होतं. प्लीज, आणखी एकदा म्हणाल? माझं बाळ आत्ताच झोपतंय."

आमची व्हॅन शेजारी उभी होती. तशीच, त्याच रंगाची!

*

ऑक्टोबरातली गोष्ट. हवा नुकतीच निवळली होती. पहाटे इरा झोपाळ्यावर पेंगत होती आणि मी मागून हळूहळू झोका देत होते. अचानक डोक्यावर कोणीतरी मोठा श्वास सोडल्यासारखा आवाज झाला. वर बघितलं, तर एक लालपिवळा बलून झाडांच्या शेंड्यांना जवळजवळ टेकत चाललेला. टोपलीत पांढऱ्या दाढीचे आजोबा. त्यांनी वाकून हात हलवला. "गुड मॉर्निंग, स्वीटहार्ट!"

इराने अर्धवट डोळे उघडले, हात हलवला, पुन्हा मिटले.

दुपारी शाळेतून टीचरचा फोन. इरा सर्वांना सांगतेय की आज सकाळी तिला देव भेटला.

"तिने आम्हाला एकच विचारलं," टीचर म्हणाल्या. "त्याला माझं खरं नाव का माहीत नव्हतं?"

*

आणि ही या मार्चमधली. संत्र्याची झाडं फुललेली असतात तेव्हा, सगळ्या गावाला वास येत असतो. गाड्यांच्या काचा खाली करून लोक उगाचच हळू चालवतात.

काकूंचं त्या सुमारास जरा जास्त झालं होतं. त्या काकांनाही ओळखेनाशा झाल्या होत्या. मला कानात सांगायच्या, "हे गृहस्थ फार सज्जन आहेत हो. कोणाचे कोण, पण रोज मला घरी सोडतात." काका शेजारीच असायचे. ऐकायचे, आणि पिशवीतून काकूंची शाल काढून त्यांच्या खांद्यावर घालायचे.

काका लग्नानंतर एकटेच अमेरिकेला आले होते. काकू मिरजेला, माहेरी. व्हिसा व्हायला दोन-अडीच वर्षं गेली. "तेव्हा फोनवर बोलणं म्हणजे चैन," काकांनी मला एका सकाळी पार्कातल्या बाकावर सांगितलं. "मी न्यायला गेलो, तेव्हा ही अंगणात भाचरांशी खेळत होती."

मुलांची लपाछपी चालली होती. काकू उठल्या आणि म्हणाल्या, "मला पण घ्या." इरा-अर्णवने घेतलं. काकूंवर राज्य आलं. झाडाला कपाळ टेकवून, डोळे मिटून त्या मराठीत आकडे म्हणायला लागल्या. मुलं लपली. काकू तिसापर्यंत गेल्या, अडखळल्या, पुन्हा एकपासून सुरू झाल्या. पुन्हा तिसाजवळ अडखळल्या. पुन्हा एक. खेळायच्या प्लास्टिकच्या बोगद्यातून मुलांची डोकी दिसत होती, पण कोणी बाहेर येईना. प्राचीने माझा हात धरला.

काका बाकावरून उठले. गुडघे दुखतात त्यांचे, तरी चवड्यांवर चालत, आवाज न करता झाडापर्यंत गेले आणि काकूंच्या पाठीवर हलकेच हात मारला.

"धप्पा!"

काकू दचकून वळल्या. काकांकडे बघत राहिल्या. मग हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. त्यांनी पदर सारखा केला.

"अगंबाई! तुम्ही? अमेरिकेहून कधी आलात?"

"हा काय, आत्ताच," काका म्हणाले. "तुला न्यायला आलोय."

"आले असते हो लगेच," काकू म्हणाल्या. "पण धप्पा दिलात ना! आता पुन्हा माझ्यावरच राज्य."

आणि त्यांनी झाडाकडे तोंड केलं, डोळे मिटले. "एक... दोन... तीन..."

काका लपायला गेले.