सासवांची वाकळ

सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या तमाम सासवांना अत्यंत जबाबदारीने कळवण्यात येते की, आमच्या दवाखान्यात सुनेला तपासत असताना ज्या वाकळीसाठी आपण उठून व्हरांड्यात गेलात, ती वाकळ मुद्दाम चुकीची शिवलेली होती. ती शिवणाऱ्या मावशी आता वडूजला मुलाकडे राहायला गेल्या, म्हणून हे जाहीर करायला हरकत नाही.

दवाखाना बायकांचा, धर्मादाय, सांगलीच्या कडेला. मंगळवारी आणि शुक्रवारी मी तिथे तपासणीच्या खोलीत बिनपगारी केसपेपर लिहायला बसते. मावशीही बिनपगारी. त्यांचं आयुष्य मेंढरांमागे गेलेलं. अंग बाहेर येत होतं म्हणून पिशवीचं ऑपरेशन करून घ्यायला आल्या, बऱ्या होऊन घरी गेल्या, आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा दारात. "मोकळीच हाय, कायतरी काम सांगा." लिहिता-वाचता येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाकावर बसायला सांगितलं. तेवढंच काम शिल्लक होतं.

बसल्या बसल्या मावशींनी आमचं दुखणं ओळखलं. तुम्हीही कधी येऊन बघा. डॉक्टरीणबाई सुनेला विचारतात, "भूक लागते का?" सासू सांगते, "लागती की." "झोप?" "ढाराढूर." सून फरशी बघत असते. सासूला बाहेर बसा म्हटलं, की ती पदर खोचून आणखी घट्ट बसते.

"कळपातल्या म्होरकीला ढकलू नगा बाई," मावशी मला म्हणाल्या. "ढकललं की ती पाय रोवती. तिला चारा दावायचा."

चारा म्हणजे वाकळ. मावशी तपासणीच्या दारातच बसायच्या आणि जुन्या लुगड्यांच्या थरावर बोटभर लांबीचा, भरकटलेला टाका घालायच्या. आतल्या सासूची नजर जायची.

"आवं, कुणी शिकिवलं तुमाला?"

"कुणीच न्हाई बगा. तुमी दावता का?"

सासू बाहेर. दार बंद. आमच्या वॉर्डात आज तीन वाकळी आहेत. त्यांतला एकही धड टाका मावशींचा नाही.

एका शुक्रवारी तासगावकडची एक सासू आली. उंच, वाळकी, द्राक्षबागेत राबलेली. "सुनंला अशक्तपणा हाय. सलाईनची बाटली लावा, आमाला एसटी गाठायची हाय." सुनेने उजव्या हाताने छातीवरचा पदर धरलेला, तो हात काही हलेना. डॉक्टरीणबाईंनी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा सासूच बोलली. वाकळीकडे बघून तिने "वाकडं हाय" एवढंच म्हटलं आणि बसून राहिली.

आमचा हा पहिलाच पराभव. बाटली संपली की ही पोरगी तो हात तसाच धरून एसटीत बसणार, हे आम्हा तिघींनाही दिसत होतं.

मावशी उठल्या, आत येऊन सासूच्या पायाशी बसल्या. एक टाका घातला. सासू भिंत बघू लागली. दुसरा घातला. तिसऱ्याला सासूचा हात पुढे आला.

"द्या हिकडं."

"हितं उजेड न्हाई, भाईर चला."

दार लागल्यावर सून म्हणाली, "गाठ हाय. चार म्हैनं झालं." डॉक्टरीणबाईंनी तपासलं. पुढच्या तपासणीसाठी मिरजेची चिठ्ठी लिहिली, आणि वेळेत आलीस म्हणाल्या. घरी कळायला तर हवंच. "तुमीच सांगा," सून म्हणाली, आणि सासूला सांगण्याची कामगिरी माझ्यावर आली.

मी मनातल्या मनात भाषण तयार करत बाहेर गेले. भांडणाची तयारीही ठेवली होती. सून माझ्या मागेच दारात उभी राहिली. व्हरांड्यात सासू मान खाली घालून शिवत होती. मावशी तिच्याकडे सरकल्या.

"सुनंचं बगतील डाक्टरीणबाई. तुमचं काय दुखतंय?"

सासूने ओळ पुरी केली. दोरा दाताने तोडला. मग केसपेपरच्या रांगेतल्या बायकांनी वळून बघावं एवढ्या मोठ्याने म्हणाली, "सात वर्सं झाली, अंग भाईर येतंय. सुनंला सांगू नगा."