चालायच्या गल्लीतलं बाकडं

इस्माईलभाय गेला. बहरीनमध्ये, मनामाच्या सूकमधल्या, म्हणजे बाजारातल्या, आमच्या गल्लीतून आता खुशाल चाला. कोणी हाताला धरून बसवणार नाही.

नव्वदच्या दशकात या गल्लीत गाड्या बंद झाल्या. दोन्ही तोंडांना लोखंडी खांब, खाली नवी फरशी. फक्त पायी.

माझं जुन्या विंडो एसीचं दुकान. रिपेअर करायचे, विकायचे. गिऱ्हाईक एसी काय डोक्यावर घेऊन जाणार?

दुकान बंद करायचं ठरवून मी सलमाबादला, गाडी थेट दारात येईल अशी, शेड बघून आलो.

समोर इस्माईलभायचं शिलाईचं दुकान. रत्नागिरीकडचा माणूस. म्हणाला, "दत्त्या, गाडीवाला हॉर्न देतो नि जातो. चालणारा थांबतो. तूपण थांब जरा."

आणि यानं केलं काय, तर भर गल्लीत बाकडं टाकलं.

सरकारनं रस्ता चालायला दिला, यानं बसायचा केला. जो दिसेल त्याला हाक. "यल्ला, बैठो, चाय पियो."

माझ्या दुकानाचं तोंड झाकलं. मी वैतागून म्हणायचो, "भाय, हा चालायचा रस्ता आहे."

"मग दमलेल्यानं बसायचं कुठं मेल्या, तुझ्या एसीवर?"

एक दिवस बलदियाचा, म्हणजे इथल्या नगरपालिकेचा, माणूस आला. बाकड्याकडे बोट करून म्हणाला, "मफी. कुर्सी मफी."

मफी म्हणजे नाही. गल्फमध्ये उतरलेला माणूस हा शब्द एअरपोर्टवरच शिकतो.

इस्माईलभायची निम्मी हयात इथे गेलेली. तरी छातीवर हात ठेवून म्हणतो कसा, "माफी? दे दी बाबा, माफी दे दी. बैठो."

तो माणूस आधी रागावला, मग हसला, मग बसला. चहा पिता पिता माझ्या दुकानातली थंड हवा लागली, तर एसीच पसंत केला. पण गाडी खांबापलीकडे.

इस्माईलभायनं बाकड्यावरच्या दोघांना उठवलं. "चाय फुकट नाय. यल्ला, उचला."

पुढे तोच रिवाज पडला. चहा त्याचा, हमाली बसणाऱ्यांची, धंदा माझा. सलमाबाद खलास.

त्यातही मध्ये तोंड घालायचाच. "दत्त्या, भाव कमी कर, आपलाच माणूस आहे."

"तुझा आपला नाही असा बहरीनमध्ये कोण आहे, ते सांग एकदा."

या माणसानं मला एक दिवस सुखानं दुकान करू दिलं नाही. आणि एक दिवस बंदही करू दिलं नाही.

आज सकाळी इथेच त्याला माती दिली. संध्याकाळी मी दुकान उघडलं. मुहर्रकचे एक म्हातारे नेहमीसारखे येऊन बाकड्यावर टेकले. समोरच्या बंद शटरकडे पाहून विचारलं, "इस्माईल?"

मला एकच शब्द सुचला.

"मफी."

त्यांनी सरकून माझ्यासाठी जागा केली.

भाय, इतकी वर्षं रस्ता अडवलास. माफी दे दी.

बस आता निवांत.