फॉर्मिडेबल म्हणजे काय?

हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही. ह्यांच्यापाशी नाही, सख्ख्या बहिणीपाशी नाही. देवापुढं हात जोडले तरी तेवढं एक सोडून बाकीचं सांगायची. तुम्ही आपले वाटता म्हणून — बसा जरा. लगेच नाही जमायचं मला, फिरत फिरत येईन.

आधी माझ्या इंग्रजीचं सांगते, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी चौथी शिकलेली. शिक्रापूरला आमच्या घरामागं चार खोल्या आहेत, कंपनीतली पोरं भाड्यानं राहतात. ती पंख्याची, टीव्हीची खोकी टाकून द्यायची आणि मी ती चुलीत घालायच्या आधी त्यांवरची अक्षरं लावत बसायची. ‘धिस साइड अप’ हे माझं पहिलं इंग्रजी वाक्य! मग औषधाच्या बाटल्या, पोरांच्या गळ्यातली कार्डं, हायवेवरच्या पाट्या — असं करत करत बरंच यायला लागलं. आळीतल्या बाया बाटली घेऊन यायच्या. “काकू, हे जेवणाआधी का जेवणानंतर, बघा बरं.” मी चष्मा पुसून, उगाच वेळ लावून वाचायची. काय वाटायचं म्हणून सांगू?

मग संतोषचं लग्न झालं, मनीषा घरात आली. दौंडची पोरगी. वडील रेल्वेत गार्ड, सगळं शिक्षण इंग्रजीतून. आली आणि महिन्याभरात मला ‘ए आई’ म्हणायला लागली. आमच्याकडं सासूला ‘अहो आई’ म्हणतात, ‘ए आई’ ती जन्म दिलेली. शेजारची शांताबाई टोमणा मारायचं सोडते होय? “सुनंनं तुला एकेरीवर आणलं की गं!” मी म्हटलं, “तुझी अहो म्हणती आन् शिळी भाकर वाढती. माझी ए म्हणती आन् गरम वाढती. बोल आता.”

पहिल्या दिवाळीला मनीषानं मला साडी नाही आणली, जाडजूड इंग्रजी-मराठी शब्दकोश आणला. रोज दुपारी भांडी झाली की एक शब्द. अर्थ सांगायची आणि म्हणायची, “आता तू वापरून दाखव.” नुसता अर्थ पाठ करून शब्द आपला होत नाही, कुठं बसतो ते कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. मी ‘रिलक्टंट’, म्हणजे नाखूश, हा शब्द शांताबाईच्या म्हशीला वापरला होता, ती दूध द्यायला रिलक्टंट आहे म्हणून. हसून हसून दोघी बेजार.

आणि तेव्हाच — हळूहळू — बाया बाटल्या घेऊन तिच्याकडं जायला लागल्या. माझ्यासमोरून, अंगणातून, थेट आत. “वहिनी आहेत का?” हे मी कारण म्हणून सांगत नाही हां. घडलं ते सांगतेय.

एकदा सकाळी एक ठेकेदार आला. दहा पोरं एका खोलीत कोंबायची म्हणत होता. मी नाही म्हटलं, तर आवाज चढवला, हिंदीत दमात घेऊ लागला. मी दारात आडवी उभी राहिले आणि म्हटलं, “नो. फोर मॅन, वन रूम. फिनिश.” कुठून आलं कुणास ठाऊक! तो मागं सरला. मग गेला गाडीवर बसून.

दुपारी मी वाळलेले कपडे घेऊन जिन्यानं खाली येत होते. मनीषा खोलीत मैत्रिणीशी फोनवर बोलत होती, इंग्रजीत, भरभर. मधेच ऐकू आलं — माय मदर-इन-लॉ इज फॉर्मिडेबल. मी पायरीवरच थांबले. फॉर्मिडेबल म्हणजे काय? आमच्या रोजच्या शब्दांत हा आला नव्हता. स्वयंपाकघरात जाऊन शब्दकोश काढला, अक्षरं लावत लावत सापडला. भयंकर. धडकी भरवणारा.

संध्याकाळी संतोष ड्यूटीवरून आला. त्याच्या हातात पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी मी पुस्तक उघडून पुढं धरलं. “तुझी बायको मैत्रिणीला सांगती, तुझी आई भयंकर हाय म्हणून. वाच.” त्यानं वाचलं. माझा पोरगा तसा शांत, पण त्याचा चेहरा उतरला. वर मीच म्हटलं, “माझं नाव घेऊ नको. मला भांडणं नकोत.”

तुम्ही म्हणाल, बिचारीला शब्द कळला नाही, त्यात काय एवढं? एवढंच असतं तर मी आज हे सांगत बसले असते का?

त्या पानावर पुढं आणखी एक ओळ होती. मी ती वाचली होती. दोनदा वाचली होती. ‘अ फॉर्मिडेबल वुमन — कर्तबगार, दरारा असलेली स्त्री.’ आणि संतोषपुढं पुस्तक धरलं तेव्हा त्या ओळीवर माझा अंगठा होता. चुकून नाही. ठेवलेला होता.

आणि पुस्तकाची तरी काय गरज होती? ती फोनवर कशी हसत होती ते मी ऐकलं होतं. माणूस कौतुकानं हसतं का चेष्टेनं, हे ओळखायला इंग्रजी लागतं का?

संतोष तिला बोलला. दार लावून, पण ऐकू येत होतं. “घरातल्यांबद्दल बाहेर काय काय बोलतेस?” ती विचारत राहिली, “अरे पण मी काय बोलले? कुणाला? सांग तरी.” त्यानं सांगितलं नाही. मी सांगू दिलं नव्हतं ना.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती म्हणाली, “अहो आई, भाजी कुठली करू?”

बस, एवढंच. तोंड फुगवलं नाही, उलटून बोलली नाही. घरात फोन करणं बंद झालं. दुपारचा शब्द बंद झाला. शांताबाई म्हणाली, आता सून कशी वळणावर आल्यासारखी वाटती. मी मान हलवली.

पुढं संतोषला कुरकुंभला काम लागलं, दोघं दौंडला राहायला गेली. तिथं ती शिकवण्या घेते. गेल्या महिन्यात मी गेले होते. बाहेर तिची शिकवणीची पोरं बसलेली, मी आत लसूण सोलत होते. तिनं नेमका तोच शब्द काढला. एक मुलगी म्हणाली, “भयंकर.” मनीषा म्हणाली, “तो एक झाला. पण माणसाला वापरतात तेव्हा बघ. आमच्या आईंनी एकदा एका आडदांड ठेकेदाराला सहा शब्दांत परत पाठवलं होतं. त्या फॉर्मिडेबल.”

“आत आहेत त्या?”

“त्याच. हळू बोला.”

पोरं खिदळली.

संतोष तेव्हा तिला ज्यावरनं बोलला तो हाच शब्द, हे तिला अजून माहीत नाही. दार उघडंच होतं. पोरं गेल्यावर तर घरात आम्ही दोघीच होतो. ती आत आली, खडूचे हात पदराला पुसले. “अहो आई, चहा टाकू?”

मी म्हटलं, “टाक.”