साडूंचे कोरडे मोजे

पाण्यावर जन्मभर संशय घेणारा माणूस या भूतलावर एकच असेल, तर ते आमचे थोरले साडू. पाणीपुरवठ्याच्या नोकरीतून ते निवृत्त झाले, पण पाण्याने मात्र आपला पिच्छा सोडलेला नाही, अशी त्यांची खात्री आहे. कुणाच्याही घरी गेले की चहाआधी ते न्हाणीघर पाहतात. नारायणगुड्याला पुतण्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तर मुलगी राहिली बाजूला आणि हे खिशातली गोटी काढून न्हाणीघराच्या फरशीचा उतार तपासत बसले. गोटी जाळीकडे न जाता दाराकडे आली. "स्थळ उत्तम आहे, पण पाणी उंबऱ्याकडं येतंय," असं त्यांनी मुलीच्या वडिलांना तोंडावर सांगितलं. लग्न झालं, आणि त्याआधी उतारही दुरुस्त झाला.

अंबरपेठेतल्या आमच्या फ्लॅटमध्ये सासूबाई ओल्या फरशीवर घसरल्या. मोडलेलं मनगट जुळलं, पण भीती बसली ती बसलीच. आंघोळीला दार उघडं ठेवायचं आणि बाहेर लेकीला बसवायचं, असा नेम झाला. "लहान लेकरासारखं चाललंय माझं," असं म्हणताना त्या मान वर करीत नसत. हे साडूंच्या कानावर गेलं आणि त्यांनी फर्मान काढलं: शॉवरला काचेचा आडोसा, बाकी फरशी ठणठणीत कोरडी!

फिटर काच घेऊन आला तेव्हा साडू ओळंबा घेऊन आधीच हजर होते. भिंत बोटभर कललेली निघाली. "कायकू टेन्शन लेते चाचा, सिलिकॉन भर देतूं, गॅप दिखताच नै," फिटर म्हणाला. "तेरे कू नै दिखता, पानी कू दिखता," साडू म्हणाले आणि काच ज्यात बसते ती भिंतीवरची पट्टी पाचर मारून सरळ करायला लावली. काच आणि फरशीमधला खालचा सांधाही त्यांनी फक्त बाहेरून भरू दिला. "अंदर से नक्को. पानी घुसा तो वापस जाने कू रस्ता होना." वैऱ्यालाही परतीची वाट ठेवणारा हा माणूस! मग सांधा वाळेपर्यंत दारात स्टूल टाकून पहारा सुरू झाला.

ते जेवायला उठले आणि आमच्याच घरातून घात झाला. नवी वस्तू आली आणि पूजा नाही, हे आमच्या हिला चालत नाही. तिने काचेला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला तो नेमका काचेच्या पायथ्याशी. सांडलेलं पाणी पुसायला फडकं फिरवलं, तर पिवळाजर्द झालेला ओला सांधाच फडक्याबरोबर निघून आला. साडूंचा घास हातात राहिला. ते तसेच उठले. ब्लेडने सगळं खरवडलं, फरशी कोरडी केली आणि जीभ दातांत धरून सांधा स्वतः भरला. तो वाळेपर्यंत आणखी एक दिवस आम्ही सगळे टॉवेल खांद्यावर टाकून समोरच्या तेलुगू वहिनींकडे आंघोळीला गेलो. त्यांनी वर इडल्या खाऊ घातल्या.

दुसऱ्या दिवशी परीक्षा झाली. काचेच्या आत मी बादल्यांवर बादल्या ओततोय आणि बाहेर साडू पांढरे मोजे घालून फरशीवर उभे! सहाव्या बादलीनंतर त्यांनी मोजे काढले, झेंड्यासारखे वर धरले आणि ओरडले, "हात लावून बघा! कोरडे!" मला इतका आनंद झाला की ओलाचिंब मी त्यांना मिठीच मारली.

सासूबाई आत गेल्या. बायको सवयीने दाराशी जाऊन बसली. "ऊठ बाई, काम कर तुझं," आतून आवाज आला, आणि कित्येक महिन्यांनी आम्ही कडी लागल्याचा आवाज ऐकला. साडू कडीच्या त्या आवाजानंतर बराच वेळ बंद दाराकडे बघत होते. त्यांची स्वतःची आई शेवटची तीन वर्षं दार उघडं ठेवूनच न्हायची, हे त्यांनी मला तेव्हा सांगितलं. "तेव्हा सुचलं नाही हो," ते हळूच म्हणाले. आत सासूबाई गुणगुणत होत्या, आणि त्यांना कसलीही घाई नव्हती.