ओ पावणं!

"ओ पावणं!" अशी हाक रस्त्यात कुणीही मारो, आमच्या गल्लीतले सुभेदारचाचा गर्रकन मान वळवायचे. आता तुम्हीच सांगा, कोल्हापुरात ही हाक दिवसाकाठी किती वेळा कानावर पडते? रिक्षावाल्याला गिऱ्हाईक पावणं, भाजीवालीला अनोळखी माणूस पावणं. चाचांच्या मानेला विसावा म्हणून नव्हता.

संध्याकाळी दूधकट्ट्यावर, समोरच पिळलेल्या म्हशीच्या धारोष्ण दुधाचा ग्लास घेऊन ते उभे असत. हाक आली की मान वळायची, मिशीवरचा फेस तसाच. हाक मारणाऱ्याला नीट निरखून म्हणायचे, "ह्यो न्हवं." मग पुन्हा दूध.

लढाईत शौर्यपदक मिळवलेला हा माणूस. शाळेत झेंडावंदनाला पदक लावून जायचा आणि पोरांना लष्करी खेचरांच्या खोड्या सांगून परत यायचा.

एकदा सकाळी त्यांच्या गच्चीवर मी खनपटीलाच बसलो, तेव्हा बोलले. बर्फाचा डोंगर, दाट धुकं, वरून गोळीबार. चाचा जखमींना पाठीवर घेऊन खाली आणत होते. तेवढ्यात धुक्यातून हाक आली, "ओ पावणं, हिकडं की!"

"त्या मुलखात आपली बोली! मला वाटलं, कट्ट्यावरच उभा हाय," चाचा म्हणाले. "पाठीवर घेतला. तोंड सगळं रक्तानं माखल्यालं. खाली येस्तोवर गडी आपला म्हशीचंच बोलत हुता. गाभण हाय, आज-उद्या व्यायची म्हनं. नाव इचारायचं ऱ्हायलं बघ. पावण्याला कोण नाव इचारतंय?"

त्याला खाली पोचवून ते पुन्हा वर गेले आणि स्वतःच जखमी झाले. पुढे पुष्कळ चौकशी केली. पण त्या धांदलीत तो कुठे गेला, जगला की नाही, कुणालाच सांगता आलं नाही.

"पदक मिळालं रं. पावणा न्हाय मिळाला."

एवढं बोलून ते दूर पन्हाळ्यावर उतरलेल्या धुक्याकडे बघत राहिले. डोंगर नव्हताच जणू, नुसतं पांढरं काहीतरी हलत होतं. मला त्यांच्याविषयी फार माया वाटली.

गेल्या हिवाळ्यात चाचांनी अंथरूण धरलं. डोळे मिटलेले, ओळख गेलेली. "कुणाच्याच हाकंला ओ दीना झाल्यात बघ," चाची म्हणाल्या. मी उशाशी बसलो. काय सुचलं कोण जाणे, कानाशी वाकून म्हणालो, "ओ पावणं, हिकडं की!"

मान वळली. डोळे किलकिले झाले. बराच वेळ ते मला निरखत होते. या खेपेला "ह्यो न्हवं" म्हणाले नाहीत.

"म्हस व्याली का रं?"

"व्याली की," मी म्हणालो. "रेडी झाली."

"ब्येस झालं," ते पुटपुटले आणि हसून त्यांनी उशीवर मान सरळ केली. ती पुन्हा वळली नाही.