हाक माझी होती

बेसबॉलमध्ये सेंटर फील्डला, म्हणजे मागच्या मैदानात मधोमध, उभ्या असलेल्या खेळाडूला एक अधिकार असतो. उंच चेंडू दोघींच्या मधे आला आणि सेंटरवालीने ‘माझा!’ अशी हाक दिली, की बाकीच्यांनी बाजूला व्हायचं. लेफ्टवाली चेंडूखाली ग्लोव्ह उघडून उभी असली तरी तिने सरकायचं. हा अधिकार मला फार आवडायचा, हे आधीच सांगून टाकते. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, वय सेहेचाळीस. जिल्ह्याचा महिला संघ राज्य स्पर्धेला पाठवायचा म्हणून आमच्याकडच्या एका क्रीडाशिक्षकांनी बायका जमवल्या. अंगणवाडी सेविका, एक नर्स, दुकान सांभाळणाऱ्या, काजूच्या कारखान्यात जाणाऱ्या. दर रविवारी सकाळी सातला जामसंड्याच्या मैदानावर सराव. मी सगळ्यांत कमी वेगाने धावायची, तरी सरांनी मला सेंटरला ठेवलं. म्हणाले, ‘‘बाई, तुमचा आवाज तीन वर्गांत ऐकू येतो. तिथून सगळं मैदान सांभाळाल.’’ शिवाय वही माझ्याकडे होती. ग्लोव्ह कोणाकडे, पाणी कोण आणणार, कोण निरोप न देता गैरहजर, सगळं त्यात.

लेफ्ट फील्डला माझी जुनी विद्यार्थिनी होती. चौथीत मी तिला शिकवलं. आता ती तीस वर्षांची, कुणकेश्वरला सासर, काजू फोडायला जाते. आमच्यात तिच्याइतकी वेगवान कोणी नव्हती. सातवीत खो-खोच्या जिल्हा संघात तिचं नाव आलं होतं, पण भातकापणीच्या दिवसांत घरच्यांनी पाठवलं नाही. या वेळी मी स्वतः तिच्या सासूला भेटले. सासू म्हणाली, ‘‘बाई, तुमी सोबत आसात मगे माझा काय म्हणणा नाय.’’ त्या दिवशी परतताना मला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

सरांचा एकच कडक नियम होता. हाक दिली की चेंडू घ्यायचा. कॅच सुटला तर चालेल, पण हाक देऊन मागे सरायचं नाही, कारण तुमच्या हाकेवर दुसरी थांबलेली असते. ‘‘हाक देऊन कच खाणारी माझ्या संघात नको,’’ असं ते प्रत्येक रविवारी म्हणायचे.

एका रविवारी कुडाळच्या बायकांशी सामना ठेवला, तो संघ निवडण्यासाठी. बावीस जणींतून सोळा घ्यायच्या होत्या. शेवटचा डाव, समोरच्या दोघी बाद, तिसरी बाद की खेळ खलास, आम्ही एका धावेने पुढे, दोन बेसवर त्यांच्या खेळाडू. नर्स राइट फील्डवरून माझ्यावर ओरडत होती, ‘‘बाई, जरा हला गे! चेंडू काय हजेरी देवक तुमच्याकडे येवचो नाय!’’

तेवढ्यात चेंडू उडाला. उंच, लेफ्ट आणि सेंटरच्या मधे, पण खरं पाहता लेफ्टचा. माझी जुनी विद्यार्थिनी आधीच त्याच्या खाली जाऊन थांबली होती. मान वर, दोन्ही हात तयार. शेवटचा बळी होता, सामना तिथे संपणार होता आणि सगळे बघत होते. मी ‘माझा!’ म्हणून हाक दिली.

ती एका पावलात बाजूला झाली. वळून बघितलंसुद्धा नाही.

मी धावत पोचले. ऊन डोळ्यांवर नव्हतं. हे मुद्दाम लिहिते, कारण नंतर कितीतरी दिवस मी स्वतःला उन्हाचंच कारण सांगत होते. चेंडू खाली येताना मोठा मोठा होत गेला आणि तो तोंडावर बसेल असं मला वाटलं. मी मान आत घेतली, मागे झाले. चेंडू आम्हा दोघींच्या मधे गवतात पडला. बेसवरच्या दोन्ही बायका धावून आल्या, दोन धावा झाल्या, आम्ही हरलो.

सर लांबून चालत आले. कडेला इतका आरडाओरडा होता की हाक कोणाची ते त्यांना कळलं नव्हतं.

‘‘हाक कोणाची होती?’’

धावून आल्यामुळे मी दम घेत होते. खरंच घेत होते, पण तेवढा वेळ पुरे झाला.

‘‘माझी, सर,’’ ती म्हणाली. ‘‘मी भियालंय.’’

सरांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी ग्लोव्हचा पट्टा सोडवत राहिले. नर्स लांब होती आणि तिने ऐकलं असलं तरी ती बाईंच्या विरुद्ध बोलणार नव्हती. आमच्याकडे शाळा सुटून वीस वर्षं झाली तरी बाई या बाईच राहतात. माझ्या विद्यार्थिनीने मला वाचवलं आणि मी वाचले.

झाडाखाली बसून सरांनी नावं सांगितली, मी वहीत लिहिली. एक ते सोळा. माझं नाव चौथं होतं. तिचं आलं नाही. मी अक्षर नीट काढलं, पानाचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. ती चपला घालून ‘‘जातंय, बाई’’ म्हणाली आणि गेली.

मी आठ दिवसांनी सरांना सांगितलं. कामं आठवड्यावर ढकलणारी बाई मी नव्हे. शनिवारी नावं ऑनलाइन जाणार हे मला ठाऊक होतं आणि मी रविवारी सांगितलं. सर एवढंच म्हणाले, ‘‘आता सांगून काय, बाई? आता नवीन नाव घेत नाहीत.’’ मला काढतो असं ते म्हणाले नाहीत. माझी जागा सोडते असं मीही म्हणाले नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर कुणकेश्वरला गेले. ती पडवीत कुळीथ निवडत होती. सासू शेतावर होती.

‘‘मी सरांना सांगितलं,’’ मी म्हटलं. ‘‘हाक माझी होती म्हणून.’’

‘‘कधी?’’

‘‘काल.’’

‘‘मगे माका घेतले?’’

‘‘नाही गो. नावं शनिवारीच गेली.’’

तिने सुपातले दोन खडे वेचून अंगणात टाकले. ‘‘सर तुमका सगळ्यांच्या समोर बोलले असते, ता माका बघवला नसता. म्हणान मी बोललंय. मागसून तुमी खरा सांगशात असा वाटला. सोमवारी वाटला, मंगळवारी वाटला. घरात अजून कोणाक सांगूक नाय, माका काढला म्हणान.’’

मी तिची माफी मागितली. ती ऐकून घेत होती, हात मात्र सुपातच.

‘‘नावा गेली,’’ ती म्हणाली. ‘‘मगे आज कित्या इलात?’’

तिच्यासाठी, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. पण तिच्यासाठी यायचं तर शनिवारच्या आत यायला हवं होतं. म्हटलं, ‘‘मला राहवेना म्हणून.’’

‘‘आता बरा वाटला?’’

‘‘नाही.’’

तिने मान हलवली, जणू निदान एक उत्तर तरी खरं मिळालं. मग आत जाऊन माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी प्याले आणि निघाले.

माझ्या मागे राखीव खेळाडू होत्या. मी गेले नसते तरी संघ अडला नसता. तरी चार दिवसांनी मी बॅग घेऊन स्टँडवर वेळेआधी पोचले आणि स्पर्धेत तीनही सामने सेंटर फील्डला उभी राहिले.